देऊळघाटची उलटी मोटार

मी दुरुस्त केलेली पहिली मोटार चालली, पण मागे चालली. आता या वयात लोक मोठ्या आदरानं विचारतात, मिस्त्री, हे काम कुठं शिकलात, आणि मी खामगावच्या गॅरेजची गोष्ट सांगून मिशीवर हात फिरवतो. खरं म्हणजे मी हे काम देऊळघाटच्या उकिरड्यात शिकलो, कमरेइतका आत उभा राहून. तोंडानं हे कबूल करायला जीभ रेटत नाही. लिहायचं सोपं आहे, लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही.

आमचं घर सुताराचं. बा बैलगाड्या करायचा, आणि त्याच्या हातची गाडी पार मलकापूरपर्यंत ओळखली जायची. मला मात्र लाकडाचा कंटाळा. दुसरी मोठी लढाई संपत आली तेव्हा मी बाशी भांडून खामगावला गेलो आणि एका मोटार गॅरेजात अडीच वर्षं राहिलो. त्यातली दोन वर्षं नट-बोल्ट रॉकेलात धुतले आणि राहिलेलं अर्धं वर्ष मिस्त्रीच्या डोक्यावर कंदील धरला. एवढ्या शिदोरीवर मी गावात परतलो तो खाकी पँट घालून, मागच्या खिशात पाना खोचून, कोणी विचारलं नाही तरी सांगत की मी आता मोटारीचा मिस्तरी आहे. आईनं दृष्ट काढली. बानं फक्त पँटीकडे पाहिलं.

गावात मला खरोखर मिस्तरी म्हणणारा एकच माणूस होता, ड्रायव्हरमामा. सख्खा मामा नव्हे, सगळं गावच त्याला मामा म्हणायचं. वीस वर्षं त्यानं दुसऱ्याच्या मोटारी हाकल्या. एका हिवाळ्यात इंजिनाला हँडल मारताना हँडल उलटं आलं आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट वळेना. मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. मग मामानं जे होतं नव्हतं ते घालून फौजेतली एक टाकाऊ लॉरी आणली, बानं तिच्यावर सागवानी टप बांधून दिला, बाकडी बसवली, आणि लॉरीची बस झाली. देऊळघाट, बुलढाणा आणि पुढे मलकापूरचं स्टेशन, एवढ्या रस्त्याचा परवाना मामाला हवा होता.

तेव्हा आमच्या वऱ्हाडाचा सगळा कारभार नागपूरला. तिथून मोटारींचा साहेब बुलढाण्याला यायचा, कचेरीपुढच्या मैदानात गाड्या तपासायचा, आणि पास झालेल्या गाडीला रस्ता मिळायचा. त्याच रस्त्यासाठी बुलढाण्याच्या एकानं नवीकोरी बस रंगवून तयार ठेवली होती. साहेब यायला बारा दिवस होते. मामा मला म्हणाला, "मिस्तरी, रस्ता गेला तं मी घरी बसलो समजा. या मनगटाले आता कोण नौकरी देते?"

आणि गाडी तर मागच्या आसातून ओरडत होती. घूंऽऽ असा आवाज, वेग वाढला की तोही वाढायचा. मामानं विचारलं, "तुमाले काय वाटते, मिस्तरी?" एवढा मोठा माणूस मला 'तुमी' म्हणतो, यानं माझं डोकं आधीच फिरलेलं. मी डोळे मिटून आवाज ऐकला, मान डोलावली आणि म्हणालो, "खोलावं लागते."

खोललं. बसच्या मागच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी घर असतं. त्यात ताटाएवढं एक दातेरी चाक, त्याला क्राऊन म्हणतात. इंजिनाकडून लांब दांडा येतो, त्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, ते पिनियन. पिनियन क्राऊनला फिरवतं, क्राऊन आसाला आणि आस चाकांना. क्राऊनचे दात पाहिले तर एकच बाजू झिजून चकाकत होती, दुसरी अगदी कोरी. नवीन जोडी मुंबईहून मागवायची म्हणजे दोन महिने.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड पुन्हा कधी पडू नये अशी मी देवाला हात जोडून विनंती करतो.

आमच्याकडे बैलगाडीचा लोखंडी आस दोन-तीन वर्षांनी फिरवून घालायची रीत होती. आसाची खालची बाजू भारानं झिजते, वरची कोरी राहते. बा गाडी ठोकळ्यांवर चढवायचा, आस काढून उलटा घालायचा, वंगण भरायचा, की गाडी पुन्हा नव्यासारखी. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो. मग मोटारीचा आस तो काय वेगळा? क्राऊन पिनियनच्या डाव्या अंगाला होता, तो काढून उजव्या अंगाला बसवायचा. झिजलेली बाजू विश्रांती घेईल, कोरी बाजू कामाला लागेल. ते घर दोन वाट्या जोडल्यासारखं होतं, क्राऊन इकडे बसवा की तिकडे, ते हूं की चूं करत नव्हतं.

मी हे बाला सांगितलं ते त्याची रीत म्हणून नाही, मोटारीचं शास्त्र म्हणून. बा चाकाचं आरं तासत होता. तासता तासता म्हणाला, "काऊन बे, आपल्या गाडीत आस काही चाकाले फिरवत नाही. बैल ओढते. तुह्या मोटारीत तं आसच चाकाले फिरवते ना? मंग उलटा केल्यावर ते उलटं नाही फिरणार का?"

प्रश्न इतका सरळ होता की मला त्याचा रागच आला. "बा, तू लाकडातलं पाह्य," मी म्हणालो. "हे लोखंडातलं काम आहे, याले इंजिनेरी लागते." बा पुन्हा तासायला लागला.

आता पुढचे नऊ दिवस मी जे काम केलं ते खरंच चांगलं होतं, आणि हसू येतं ते त्याचंच. क्राऊन आणि पिनियन एकमेकांत किती खोल बसतात यावर सगळं असतं. जास्त खोल गेले तर दात जळतात, कमी गेले तर दात तुटतात. मधे पातळ पत्र्या घालून ते अंतर बांधायचं. मी चहाच्या डब्याचा पत्रा कापून केसाइतक्या पातळ पत्र्या केल्या. दात कुठं टेकतात ते पाहायला वाण्याकडून शेंदूर आणला, गोड्या तेलात कालवला आणि क्राऊनच्या दातांना फासला. पिनियन हातानं फिरवलं की जिथं दात घासतो तिथला शेंदूर पुसला जातो. तो डाग दाताच्या मधोमध यायला पाहिजे. माझा आधी कडेला यायचा, मग टोकाला, मग मुळाशी. एक पत्री काढ, दोन घाल, पुन्हा फास, पुन्हा फिरव.

गावात बातमी गेली की सुताराचा पोरगा मोटारीला शेंदूर लावून राह्यला. म्हाताऱ्या बाया येऊन हात जोडून जायच्या. एकीनं तर आसापुढे खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो मी खाल्ला. नवव्या दिवशी डाग दाताच्या बरोबर मधोमध आला, एकेका दातावर सारखा. मी मामाला बोलावून दाखवलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यानं टोपी काढली. "मिस्तरी, हात आहे बुवा तुमाले," तो म्हणाला, आणि माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण सुटलं.

नऊ दिवसांत मी ते पिनियन हजार वेळा फिरवलं असेल. डोळे दातांवर. क्राऊन कोणीकडे फिरतो आहे, हे एकदाही पाहिलं नाही.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, बस आमच्या अंगणात उभी राहिली. झेंडूची माळ, नारळ, चाकाखाली लिंबू. अर्धं गाव जमलेलं. आवाज गेला की नाही ते ऐकायचं म्हणून मी बसच्या मागे जाऊन, कान पुढे करून, मोठ्या तोऱ्यात उभा राहिलो. माझ्या मागे आमचा उकिरडा. मामानं पहिला गेर टाकला, क्लच सोडला, आणि बस माझ्या अंगावर आली.

"मामा, पुढचा टाका! पुढचा!" मी ओरडलो.

"पुढचाच टाकला बे!" आतून आवाज आला.

मी उडी मारली ती थेट उकिरड्यात. मामाला वाटलं गेर चुकला, म्हणून त्यानं दुसरा टाकला. दुसऱ्यात बस जास्त जोरात मागे आली आणि बाची दोन नवी चाकं आडवी करून थांबली. बाया किंचाळल्या, कोणीतरी म्हणालं शेंदूर बाधला. मी शेणात कमरेइतका उभा, आणि त्या शेणात उभ्या उभ्या मला बाचा प्रश्न पुन्हा ऐकू आला, आरं तासण्याच्या आवाजासकट. मग मामानं मागचा गेर टाकून पाहिला. बस हळूच, सोज्वळ गाईसारखी, पुढे आली.

तीन गेर मागचे आणि एक पुढचा. आमच्या जिल्ह्यात अशी दुसरी मोटार झाली नाही.

खोलून पुन्हा बसवायला दोन दिवस तरी पाहिजे होते. साहेब उद्या दुपारी येणार. मामा बसच्या पायरीवर बसला आणि मोडकं मनगट चोळत राहिला. मला वाटत होतं त्यानं शिव्या द्याव्या, दोन कानाखाली काढाव्या. मी मनातल्या मनात खामगावची वाट धरली होती, तिथून अकोला, तिथून जिथं नेईल तिथं. लाज अशी वाटत होती की अंगावरचं शेण धुवायचंही सुचलं नाही.

बा पुढे आला. चाकं उचलून भिंतीला लावली, मग मामाला म्हणाला, "एका गेरात पुढं जाते ना? त्यानंच जा. बैलाच्या चालीनं बुलढाणा सकाळच्या पारी पोचते. आमी जातोच की." माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. इंजिनेरीचं त्यानं एक अक्षर काढलं नाही, तेही मला टोचलं.

दिवस उगवता आम्ही निघालो. मागच्या गेरात पुढे. त्या गेराला एक खोड, दाबून धरला नाही तर तो निसटतो. मामाच्या मनगटात ते बळ नाही, म्हणून मी त्याच्या पायाशी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी गेरचा दांडा धरून राहिलो. सात-आठ मैल. इंजिन बोंबलत होतं, पाणी उकळत होतं, मैलामैलाला थांबून घागर ओतावी लागत होती. बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. एका गाडीवानानं विचारलं, "अबे, बैल जोडून देऊ का?" मामा सरळ पुढे पाहत होता. "नीट धर बे," एवढंच मधूनमधून म्हणत होता. कालपासून मी मिस्तरी नव्हतो, 'तुमी' पण नव्हतो, नुसता बे.

कचेरीपुढे पोचलो तेव्हा ती दुसरी बस पास होऊन उभी होती, नवऱ्यासारखी. पण रस्ता अजून दिलेला नव्हता, मामाचा अर्ज आधीचा होता आणि साहेबाला दोन्ही गाड्या पाहायच्या होत्या. साहेब नागपूरकडचा, कडक इस्त्रीचा, पण चेहरा चांगला. त्यानं भोंगा वाजवून पाहिला, ब्रेक पाहिले, बाचा टप ठोकून पाहिला आणि खूश झाला. "पुढे घ्या." मी दांडा मागच्या गेरात ओढला, बस पुढे गेली. "मागे घ्या." पहिला गेर, बस मागे आली. बाहेरून कोणाला काय कळणार? साहेबानं खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहिलं. "हा खाली कोण बसला आहे?"

"क्लीनर आहे, साहेब," मामा म्हणाला.

मला वाटलं सुटलो. तेवढ्यात साहेब आत चढून मामाशेजारी बसला. "चला, चिखलीच्या रस्त्यानं एक चक्कर." बस निघाली, बोंबलत. साहेब म्हणाला, "गेर बदला." मामानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "अहो, गेर बदला म्हणतो मी."

मामानं बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "साहेब, बदलला तं मागे जाते," तो म्हणाला.

साहेब खाली उतरला. इस्त्रीची पर्वा न करता बसखाली शिरला, आसाच्या घराचं बूच खोलून आत बोट घातलं. बोट लाल होऊन आलं. थोडा वेळ तो त्या बोटाकडे पाहतच राहिला. मग उभा राहून म्हणाला, "कोणी बसवलं हे?"

मामा म्हणाला, "मी, साहेब."

"तुम्ही? ड्रायव्हर माणूस आस खोलतो? उद्या यात चाळीस माणसं बसणार. लायसन द्या इकडे."

इंजिन बंद होतं तरी मी गेरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेला. मामानं कोटाच्या खिशात हात घातला. मनगट वळत नव्हतं, त्यामुळे खिशातून कागद काढायला त्याला वेळ लागत होता. बोटांनी चाचपत होता, ओढत होता. तेवढ्या वेळात मी दहादा बोलू शकलो असतो. मी नाही बोललो. मी विचार करत होतो की कदाचित साहेब लायसन पाहून परत देईल, कदाचित एवढ्यावर भागेल. आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, त्याला मी हसतो आणि लोकांनाही हसवतो. पण त्या वेळाची मला आजही लाज वाटते. लायसन अर्धं बाहेर आलं तेव्हा कुठे माझ्या तोंडातून आवाज फुटला.

"साहेब, मी बसवलं. मामाले काही माहीत नाही."

साहेबानं मला खाली उतरवलं आणि हे असं का केलं ते विचारलं. मी बैलगाडीच्या आसापासून सगळं सांगितलं, झिजलेली बाजू, कोरी बाजू. साहेब ऐकता ऐकता हसायला लागला. मग त्यानं समजावलं की क्राऊन इकडचा तिकडे केला तरी पिनियन त्याच झिजलेल्या बाजूला ढकलत राहतं. म्हणजे कोरी बाजू कामाला लागलीच नव्हती. ती लागली फक्त आज सकाळी, मागच्या गेरात. "आणि आवाजासाठी मी गाडी नापास करत नाही," तो म्हणाला. "ओरडत आली असती तरी पास केली असती. जोडी मुंबईहून मागवा म्हटलं असतं."

म्हणजे मी नऊ दिवस घरी झोपून राहिलो असतो तर मामाचा रस्ता कधीच झाला असता.

साहेबानं बुचातून पुन्हा एकदा आत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. "डाग मात्र मधोमध बसवला आहे लेकानं," तो जरा नाइलाजानंच म्हणाला. "मी परवा सकाळी इथून निघणार. तोवर सरळ करून दाखवा. नाहीतर रस्ता दुसऱ्याला."

कडेच्या एका लिंबाखाली मी बस खोलली. कोणी निरोप दिला कोण जाणे, दिवस मावळता बा बैलगाडीत ठोकळे आणि माझ्या पत्र्यांचा डबा घेऊन हजर झाला. ठोकळे लावून दिले आणि दोन दिवस तिथंच बसून राहिला. क्राऊन डाव्या अंगाला घातला, पत्र्या लावल्या, शेंदूर फासला. मी पिनियन फिरवायला हात घातला तेव्हा बा दातांकडे पाहतच नव्हता. तो चाकापाशी उकिडवा बसला होता. "फिरव," म्हणाला. मी फिरवलं. "पुढं जाते," बा म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी बस घूंऽऽ करत साहेबापुढून गेली, तिन्ही गेर बदलत, आणि मामाला रस्ता मिळाला.

परत येताना मी मामाशेजारी बसलो होतो, आता दांडा धरायची गरज नव्हती तरी. बैलगाडी घेऊन बा मागून येणार होता. मी विचारलं, "मामा, साहेबाले तुम्ही 'मी' काऊन सांगितलं? लायसन गेलं असतं तं?"

मामानं समोरच्या एका बैलगाडीला वाट करून दिली. मग म्हणाला, "माह्या हाताचं काय होतं ते होऊन गेलं, मिस्तरी. तुमच्या हाताले अजून लय गाड्या खोलाच्या आहेत."

मी खिडकीकडे तोंड केलं. बस ओरडत होती म्हणून बरं झालं, माझे हुंदके त्याला ऐकू गेले नसावेत.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. जाईपर्यंत तो मला चारचौघांत विचारायचा, "मिस्तरी, आज कोणीकडं जाते?" आणि स्टँडवरचे सगळे हसायचे, मीही हसायचो. मोठमोठ्या ट्रकांचे आस मी खोलले आणि बसवले. घर बंद करायच्या आधी मी पिनियन एकदा हातानं फिरवतो आणि चाकापाशी उकिडवा बसून पाहतो. नवे मिस्त्री हसतात, म्हणतात काका, याची आता गरज नाही. मी ऐकत नाही. चाक पुढे फिरलं की हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणतो, "मामा, पुढं जाते," आणि मगच घराचे बोल्ट आवळतो.